एका घरातल्या दोन मुकुटांची गोष्ट

गेल्या आठवड्यात कपाटाचा वरचा खण आवरताना माझी ब्रनोची डायरी सापडली. ऑफिसच्या कामासाठी २००८ साली काही महिने तिथे होतो तेव्हाची. अर्धी डायरी हिशेबाने भरलेली आहे (आमच्या घराण्याचा रोग!). एका पानावर मात्र दोन रकाने आहेत. डावीकडे 'झे.को.', उजवीकडे 'स्लो.को.'. खाली चहा, बस, सूप, मोजे असं काय काय लिहिलेलं. सप्टेंबर महिन्यातल्या एका शनिवारी मी ब्रनोहून ब्रातिस्लाव्हाला गेलो होतो, त्या दिवसाचा तो हिशेब.

कोरुना म्हणजे मुकुट. (हो, त्या दुष्ट विषाणूच्या नावाचा अर्थही तोच. पण त्याचा विषय नको.) झेक लोकांचा एक कोरुना आणि स्लोव्हाक लोकांचा दुसरा. त्या शनिवारी शंभर झेक कोरुनांना साधारण एकशेवीस-पंचवीस स्लोव्हाक कोरुना मिळत होते.

ब्रनो ते ब्रातिस्लाव्हा अंतर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. आपलं पुणे-सातारा समजा, थोडं पुढे. दोन्ही देश डिसेंबर २००७ मध्ये शेंगेनमध्ये गेल्यामुळे सीमेवर बस थांबलीसुद्धा नाही. पासपोर्ट खिशातच राहिला. शेजारच्या सीटवरच्या आजीबाई झेक बोलत होत्या, त्यांच्या पलीकडचे आजोबा स्लोव्हाक. दोघंही आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांनाही सगळं कळत होतं. सीमा म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. उतरल्यावर चहा घ्यायला गेलो आणि खिशातली नोट चालेना, तेव्हा कळलं की आपण परदेशात आलोय!

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी स्लोव्हाक होता. पगार झेक कोरुनात, आई नित्रा नावाच्या गावात. दर महिन्याला तिला पैसे पाठवायच्या आधी तो दर बघायचा. मी रुपयाचा दर बघायचो, तो कोरुनाचा. एकदा तो म्हणाला, "मी जन्मलो तेव्हा हे दोन्ही एकच होते." मी म्हटलं, "आमच्याकडे याला वाटणी म्हणतात." त्याला तो शब्द फार आवडला.

तर ही त्या वाटणीची गोष्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

जून १९९२ मध्ये झेकोस्लोव्हाकियात निवडणुका झाल्या. झेक भागात व्हात्स्लाव्ह क्लाउस जिंकले, स्लोव्हाक भागात व्लादिमिर मेचियार. क्लाउसना आर्थिक सुधारणा झपाट्याने हव्या होत्या. मेचियारना त्या सावकाश हव्या होत्या आणि स्लोव्हाकियाला जास्त मोकळीकही हवी होती. त्यालाही कारण होतं. १९८९ नंतर स्लोव्हाकियातले अवजड आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने अडचणीत आले होते. तिकडे बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती, इकडे ती तीन-चार टक्क्यांवर होती. एकाच चुलीवर दोघांचं शिजेना. २६ ऑगस्ट १९९२ ला ब्रनोतल्या टूगेन्डहाट बंगल्यात दोघांनी वेगळं व्हायचं वेळापत्रक ठरवलं. (मी ब्रनोत असूनही तो बंगला आतून पाहिला नाही. बाहेरून फोटो काढून परत आलो. आळस!) सार्वमत झालंच नाही. राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी तर जुलैमध्येच राजीनामा दिला होता. ३१ डिसेंबर १९९२ ला मध्यरात्री एक देश संपला आणि १ जानेवारीला दोन सुरू झाले. गोळी नाही, दंगल नाही.

मालमत्तेची वाटणी दोनास एक या प्रमाणात झाली, कारण झेक लोक साधारण एक कोटी आणि स्लोव्हाक त्याच्या निम्मे, पन्नास लाखांच्या थोडे वर. इमारती आणि जमीन ज्याच्या हद्दीत त्याची. जुनी राष्ट्रीय चिन्हं कोणीच वापरायची नाहीत असंही कायद्यात होतं. झेकांनी मात्र झेकोस्लोव्हाकियाचा झेंडा जसाच्या तसा ठेवून घेतला. प्रत्येक वाटणीत असं एखादं आजोबांचं घड्याळ असतंच, जे वाटणीपत्रात एकाकडेही नसतं आणि प्रत्यक्षात एकाच्या भिंतीवर असतं.

चलन मात्र एकत्र ठेवायचं ठरलं होतं. निदान सहा महिने तरी. ते टिकलं अडतीस दिवस.

असं का झालं? कारण लोक भोळे नसतात. स्वतंत्र झाल्यावर स्लोव्हाकियाचं चलन पडणार, असा अंदाज सगळ्यांनीच बांधला. मग ज्याच्याकडे पैसा होता त्याने तो झेक बँकांत हलवायला सुरुवात केली. नोट तीच, पण ती कुठल्या बँकेत आहे यावरून तिची उद्याची किंमत ठरणार होती. स्लोव्हाकियाची गंगाजळी आधीच तुटपुंजी होती. २ फेब्रुवारीला जाहीर झालं की ८ फेब्रुवारी १९९३ पासून दोन चलनं.

नव्या नोटा पुरेशा छापून झालेल्या नव्हत्या. म्हणून जुन्या मोठ्या नोटांवर छोटी तिकिटं चिकटवली. आपल्या रेव्हेन्यू स्टँपचा भाऊच म्हणा. त्यांचं तिकीट लावलं की झेक नोट, यांचं लावलं की स्लोव्हाक. मोठ्या माणसाला चार हजार कोरुनांपर्यंत रोख बदलून मिळत होते, बाकीचे बँकेत भरायचे. नाणी आणि लहान नोटा काही काळ तशाच चालल्या. पहिल्या दिवशीचा दर एकास एक.

गंमत म्हणजे ही तिकिटांची युक्ती त्या देशाच्या जन्मातलीच. १९१९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून झेकोस्लोव्हाकिया नुकताच वेगळा झालेला होता. तेव्हा अर्थमंत्री आलॉइस राशीन यांनी सीमा बंद करून साम्राज्याच्या नोटांवर अशीच तिकिटं चिकटवून घेतली. देश जन्मला तिकीट लावून आणि मेला तोही तिकीट लावून. दोन्हींच्या मध्ये ७४ वर्षं.

आणि हे दोघं १९९३ मध्ये पहिल्यांदाच वेगळे झाले असंही नाही. १९३९ मध्ये हिटलरने झेक भाग गिळला आणि स्लोव्हाकियात आपल्या मर्जीतलं वेगळं राज्य उभं केलं. तेव्हाही दोन कोरुना झाले होते. झेक भागात एका जर्मन मार्कला १० आणि स्लोव्हाकियात १९४० पासून ११.६२. म्हणजे एका झेक कोरुनाला १.१६ स्लोव्हाक. युद्ध संपल्यावर, १ नोव्हेंबर १९४५ ला, दोन्ही पुन्हा एकास एक करून एकत्र केले. सोळा टक्क्यांचा फरक रबराने पुसावा तसा पुसला.

आता १९९३ नंतरचे आकडे. हे मी डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते, आता पुन्हा ताडून पाहिले. एका झेक कोरुनाला किती स्लोव्हाक कोरुना मिळायचे ते असं:

फेब्रुवारी १९९३ मध्ये एकास एक. जुलैमध्ये स्लोव्हाकियाने दहा टक्के अवमूल्यन केलं आणि वर्षाअखेर दर साधारण १.११ झाला. डॉलरला तिकडे ३३ च्या आसपास, इकडे ३० च्या आसपास.

मला वाटायचं की इथून पुढे स्लोव्हाक कोरुना घसरतच गेला असेल. तसं नाही. मे १९९७ मध्ये झेक कोरुनावरच सटोडियांची धाड पडली. त्यांची आयात निर्यातीपेक्षा बरीच वाढली होती आणि मध्यवर्ती बँकेने दर मात्र धरून ठेवला होता. शेवटी त्यांना कोरुना मोकळा सोडावा लागला आणि तो पडला. स्लोव्हाकियाचा दर तेव्हा अजून बांधलेलाच होता. परिणाम असा की १९९७ संपताना डॉलरला झेक कोरुना सुमारे ३४.६ आणि स्लोव्हाक कोरुना सुमारे ३४.८! जवळजवळ पुन्हा एकास एक. त्या ३१ डिसेंबरला एखाद्याने वही मिटली असती तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की वाटणी अगदी समसमान झाली.

पण वही कोणी मिटत नाही. स्लोव्हाकियाचा दर धरून ठेवणंही महागात पडत होतं. सप्टेंबर १९९८ च्या निवडणुकीनंतर मेचियार गेले आणि १ ऑक्टोबरला त्यांचाही कोरुना मोकळा सोडला गेला. वर्षाअखेर दर १.२४. २००१ संपताना १.३४ च्या आसपास. तेव्हा झेक माणूस सुट्टीला स्लोव्हाकियाच्या डोंगरात जायचा तो राजासारखा. माझा सहकारी सांगायचा की तेव्हा त्याच्या वडिलांना 'गरीब भाऊ' हा शब्द ऐकू आला तरी राग यायचा.

मग पुन्हा चक्र फिरलं. स्वस्त चलन, बरे कामगार आणि नंतरच्या सरकारच्या सुधारणा, यामुळे स्लोव्हाकियात मोटारींचे कारखाने आले. फोक्सवॅगन ब्रातिस्लाव्हात आधीपासून होतीच. २००६ मध्ये झिलिनात किया आणि त्रनावात प्यूजो-सित्रोएन यांचं उत्पादन सुरू झालं. नोव्हेंबर २००५ मध्ये युरोत जाण्याच्या तयारीसाठी स्लोव्हाक कोरुनाचा मध्यवर्ती दर ठरला: युरोला ३८.४५५. मार्च २००७ मध्ये तो ३५.४४२४ वर आणावा लागला आणि मे २००८ मध्ये ३०.१२६ वर. हे अवमूल्यन नव्हे बरं का, उलट! तीन वर्षांत कोरुना वधारत गेला. मी गेलो त्या सप्टेंबरमध्ये ब्रातिस्लाव्हाच्या दुकानांत प्रत्येक वस्तूवर दोन किमती होत्या, कोरुनात आणि युरोत. १ जानेवारी २००९ ला स्लोव्हाकिया युरोत गेला. धाकटा, गरीब, मागे पडलेला म्हणून ज्याला हिणवलं तो आधी गेला. झेक अजूनही आपला कोरुना सांभाळून आहेत.

आणि शेवटचा दर? ३१ डिसेंबर २००८ ला साधारण १.१२. मंदीच्या भीतीने त्या हिवाळ्यात झेक कोरुना बराच घसरला होता. माझा सहकारी वैतागला होता, कारण आईला पाठवायचे पैसे महिन्या-महिन्याला आक्रसत होते. १९९३ च्या अखेरीस १.११ आणि २००८ च्या अखेरीस १.१२. पंधरा वर्षं भांडून, पळून, धापा टाकून दोघं होते तिथेच!

इथे आपल्या घरचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४७ नंतर पाकिस्तानची मध्यवर्ती बँक काही महिने आपली रिझर्व्ह बँकच होती. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेल्या नोटांवर 'हुकूमत-ए-पाकिस्तान' असा ठसा उठवून त्या तिकडे चालत होत्या. जुलै १९४८ पासून त्यांची स्वतःची बँक सुरू झाली, दर एकास एक. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, त्यांनी केलं नाही. एका रात्रीत त्यांच्या शंभर रुपयांना आपले १४४. आपण तो दर मानायलाच तयार नव्हतो. ताग तिकडे, तागाच्या गिरण्या इकडे, आणि व्यापार ठप्प. फेब्रुवारी १९५१ मध्ये आपण तो दर मान्य केला. मग १९५५ मध्ये त्यांनी अवमूल्यन केलं आणि दर पुन्हा एकास एक झाला. दोन्ही बाजूंचं नाक मात्र कायमचं वर राहिलं.

झेक-स्लोव्हाक यांचंही सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. जुन्या बँकेच्या देण्याघेण्यावरून वाद अनेक वर्षं चालला. स्लोव्हाकियाच्या वाटचं ४.१ टन सोनं झेकांनी अडकवून ठेवलं होतं. अखेर २००० साली दोन्ही सरकारांनी तडजोड केली. सोनं परत गेलं आणि अब्जावधी कोरुनांच्या दाव्यावर एका कोरुनाच्या नाममात्र किमतीत पडदा पडला. एक कोरुना! चहासुद्धा येत नाही तेवढ्यात.

हे वाचून मी बराच वेळ डायरी हातात घेऊन बसलो. का, ते सांगतो. हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक घरचेच आहेत, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

आमची वाटणी १९८९ ची. बाबा आणि काका. नदीकडची काळी जमीन बाबांना, रस्त्याकडचा माळ काकांना. रस्त्यालगतची एक पट्टी आणि जुनी विहीर सामाईक, आठ-आठ आणे. नंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नदीकडच्या जमिनीला इतकं पाणी पाजलं की ती क्षारपड झाली, आता तिथे धड गवत उगवत नाही. माळावरून रस्ता रुंद झाला आणि माळाला सोन्याचा भाव आला. बाबा जाईपर्यंत म्हणत होते, "त्याने माळ बघून घेतला." मीही तेच म्हणत आलो. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाने सामाईक पट्टी विकायचा विषय काढला तेव्हा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. मनात हिशेब असा की १९८९ चा अन्याय भरून निघेल एवढा वाटा मिळाला तरच सही करायची. आठ आण्यांच्या जागी दहा-बारा आणे.

पण १९८९ साली मी पंधरा वर्षांचा होतो आणि ओट्यावरच होतो. मला स्वच्छ आठवतं, चिठ्ठी निघाल्यावर खाली मान घालून बसले ते काका होते. माळात कुसळांशिवाय काही येत नव्हतं तेव्हा. काकू आत रडत होत्या. आजीने बाबांना सांगितलं की पहिल्या वर्षाच्या उसाचे निम्मे पैसे धाकट्याला दे. बाबांनी दिले नाहीत. त्या वर्षी घरात शिलाई मशीन आलं आणि माझी सायकल आली.

म्हणजे दर कुठल्या तारखेचा घ्यायचा? १९८९ चा घेतला तर आम्ही देणं लागतो, आजचा घेतला तर ते. मी पस्तीस वर्षं मला सोयीची तारीख धरून बसलो होतो. दर फक्त त्या दिवशी कोणाचं बरं चाललंय एवढंच सांगतो. वाटताना कोणी लबाडी केली का, हे तो सांगत नाही. आमच्यात लबाडी कोणीच केली नव्हती. चिठ्ठी टाकली होती, आणि ती उचलली होती शेजारच्या चार वर्षांच्या पोराने.

असो. फार लांबलं.

काका, आता तुम्हाला डोळ्यांनी वाचवत नाही, हे नातू वाचून दाखवेल. पुढच्या महिन्यात मी गावी येतोय. पट्टीचे कागद तयार करायला सांगा. वाटणीपत्रात लिहिलंय तसंच, आठ-आठ आणे. उसाचं तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला ते आठवतंय. ते आल्यावर बोलू, ओट्यावर बसून.

येताना ब्रातिस्लाव्हाच्या त्या चहाच्या दुकानातून सुटे मिळालेले दोन स्लोव्हाक कोरुना घेऊन येतो. नातवाला खेळायला. आता ते कुठेच चालत नाहीत.